जुन्या वस्तूची किंमत विकत घेणाऱ्यानेच का ठरवायची?

मोबाईल उघडला की दर दोन-चार दिवसांनी ते रील येतंच. ट्रॅक्टरवाली ५ रुपयांची नोट असेल तर लाखो रुपये, वैष्णोदेवीचं नाणं असेल तर त्याहून जास्त, नंबरात ७८६ असेल तर मग विचारूच नका, आणि खाली एक व्हॉट्सअप नंबर. फोन केला की आधी रजिस्ट्रेशन फी, मग जीएसटी, मग कसलंतरी 'आरबीआय क्लिअरन्स', आणि शेवटी नोट आपल्याच हातात राहते पण खात्यातले पैसे गेलेले असतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही पडत नाही, फी किंवा कमिशन मागत नाही, आणि आमच्या नावाने ते घ्यायला कुणाला सांगितलेलंही नाही. तरी चालूच आहे.

फसलेल्याला लोभी, बावळट म्हणणं सोपं आहे, कमेंटमध्ये सगळे तेच करतात. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. समजा एखाद्याच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत खरंच चार जुनी नाणी निघाली, एखादी तलवार निघाली, मोडी लिपीतल्या कागदांचं रुमाल बांधलेलं दप्तर निघालं, तर त्याने ते दाखवायचं कुणाला? सोनाराकडे नेलं तर तो वजन करतो. भांड्यांच्या दुकानात नेलं तर मोडीचा भाव सांगतात. पुण्यात बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नेलं किंवा मुंबईत चोर बाजारच्या मटन स्ट्रीटला नेलं तर तिथला माणूस हातात घेऊन उलटून बघतो, आणि 'काही नाही यात, पाचशे देतो' म्हणतो. या तिघांत साम्य एवढंच की वस्तू काय आहे हे सांगणारा आणि ती विकत घेणारा माणूस एकच आहे. तो कशाला खरं सांगेल?

बाजारातल्या माणसाला शिव्या द्यायचं मात्र काही कारण नाही. त्याचं पोट त्यावर आहे, आणि सरळ बोलायचं तर वस्तू हाताळून ओळखायचं ज्ञान आज बऱ्याच पदवीधारकांपेक्षा त्याच्याकडे जास्त आहे. पितळेवर चढलेला काळपटपणा खरा की अॅसिडने आणलेला हे तो वासावरूनसुद्धा सांगेल. चूक त्याची नाहीये. विकत न घेणारा आणि तरीही जाणकार असा माणूस सामान्य माणसाला भेटेल अशी जागाच आपण ठेवलेली नाही, आणि ती जागा सरकारने उभी करायला पाहिजे असं माझं म्हणणं आहे. प्रत्येक जिल्ह्यात. फुकट.

लगेच कुणीतरी म्हणेल, सरकारला काय दुसरी कामं नाहीत का, लोकांच्या माळ्यावरचं भंगार बघत बसायचं? पण माळ्यावरून काय काय जातंय ते बघा जरा. तांब्याचे बंब, घंगाळं, लामणदिवे, पानाचे डबे, नक्षीचे अडकित्ते, हे सगळं गेल्या पन्नास-साठ वर्षांत स्टीलच्या आणि नंतर प्लास्टिकच्या बदल्यात किलोवर गेलं. देवघरातले चांदीचे टाक झिजले की सोनाराकडे देऊन नवे घडवतात किंवा नदीत सोडतात, ती रीतच आहे आणि त्यात श्रद्धेचा भाग आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, पण कुणीतरी आधी एक फोटो काढून ठेवला असता तर कुठल्या गावात कुठला देव कसा घडवायचे हे तरी राहिलं असतं. चांदीचा भाव चढला की राणीछाप रुपये पोत्याने मुशीत जातात. एका रुपयात ११.६६ ग्रॅम वजन, त्यात ९१.७ टक्के चांदी, हिशोब सोपा आहे.

दिनकर केळकरांनी अशाच वस्तू गावोगाव फिरून जमवल्या म्हणून पुण्यात राजा केळकर संग्रहालय उभं राहिलं. दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, दरवाजे, ज्याला तेव्हा कुणी अँटिक म्हणत नव्हतं ते सगळं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने गावात सापडणाऱ्या मणी, मृण्मूर्ती, हस्तिदंती वस्तू गोळा केल्या म्हणून प्राचीन तगरचं, म्हणजे जुन्या तेरचं, आज एवढं दाखवता येतं. दोघेही सरकारी नोकर नव्हते. हौशी माणसं होती, स्वतःचे पैसे घालणारी. पुढच्या पिढीत पुन्हा असे दोन निघतील या भरवशावर राज्य चालवायचं का?

आणि ओळख म्हणजे काय हेही नीट समजून घ्यायला पाहिजे कारण तिथेच सगळा गोंधळ आहे. जुनं म्हणजे महाग हे समीकरण डोक्यातून काढावंच लागतं. १८६२ चा व्हिक्टोरियाचा रुपया घ्या. १८७४ पर्यंत टांकसाळीने नाण्यावर १८६२ हेच साल ठेवलं, त्यामुळे ते साल असलेले रुपये रग्गड आहेत आणि साधा, झिजलेला रुपया बहुतेक वेळा चांदीच्या भावाच्या थोडा वर जातो. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. त्यावर राजाच्या अंगावरच्या झग्यातला हत्ती लोकांना डुक्कर वाटला, बोंब झाली, नाणी परत घेतली, बरीचशी वितळवली, आणि जी बाहेर राहिली ती आज संग्राहक शोधत असतात. म्हणजे अर्धं शतक नवं नाणं जुन्यापेक्षा महाग. हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार?

शिवराईचं तर विचारूच नका. 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्र पति', तांब्याचं नाणं, घरात निघालं की माणूस भारावतोच, मीही भारावतो. पण शिवरायांच्या नंतरही शिवराई पाडणं थांबलं नाही, पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अमलाच्या सुरुवातीलासुद्धा ती निघत होती, अक्षरं बदलली, 'शिव' चं 'सिव' झालं, ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी आली. बाजारात जी मिळते त्यातली बहुतेक ही नंतरचीच, ती काहीशे रुपयांत सहज मिळते. तीसुद्धा खरीच आहे, फक्त महाराजांच्या हयातीतली नाही. सोन्याचा होन कुणी दाखवला तर आधी हात जोडावे आणि मग संशय घ्यावा, कारण खरे म्हणून मान्य झालेले होन अगदी थोडे आणि नकली ढीगभर.

मग ते रामदरबारवाले तांब्याचे शिक्के. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता-हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि साल १८१८, कधी १७१७, कधी १६१६. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. सालांतले ते जोडीचे आकडे बघूनच हसू यायला पाहिजे, पण लोक ते देव्हाऱ्यात ठेवतात आणि कुणीतरी त्यांना ते पंचवीस हजाराला विकलेलं असतं. अशा नकली नाण्यातूनच पुढची पायरी निघते, राईस पुलर. वीज पडलेलं तांब्याचं भांडं, त्यात इरिडियम, तांदूळ ओढतं, नासा कोट्यवधीला घेणार, फक्त आधी टेस्टिंगचा खर्च तुम्ही द्या. इंजिनियर, डॉक्टर, बिल्डर सगळे फसलेत यात. मॅग्नेट आणि तांदळात लोखंडाची पूड एवढाच तो चमत्कार.

मोठ्या लोकांचं तर आणखी भारी. केरळात मॉन्सन मावुंकल नावाच्या माणसाने घराचं म्युझियम करून त्यात मोझेसची काठी, टिपू सुलतानचं सिंहासन असलं काहीबाही ठेवलं होतं, वरिष्ठ पोलीस अधिकारी तिथे जाऊन फोटो काढून आले, त्या फोटोंवर विश्वास ठेवून लोकांनी कोटींनी पैसे दिले. २०२१ मध्ये अटक झाल्यावर तपासणीत जवळपास सगळा माल अलीकडचा निघाला. एका तरी माणसाने आधी जाऊन विचारलं असतं की बाबा हे खरं आहे का, पण विचारायचं कुठे हाच मुद्दा आहे ना.

नकली मालाने फक्त घेणाऱ्याचं नुकसान होतं असंही नाही. चकचकीत पितळी भोंग्याचे, अष्टकोनी पेटीवर कुत्र्याचं चित्र चिकटवलेले 'एचएमव्ही ग्रामोफोन' तुम्ही हॉटेलच्या लॉबीत बघितले असतील, परदेशी संग्राहक त्यांची जाम टिंगल करतात. ते इथे अलीकडे जोडलेले असतात आणि आतली मोटर बऱ्याचदा जुन्या, खऱ्या सुटकेसवाल्या पोर्टेबल ग्रामोफोनमधून काढलेली. म्हणजे एक नकली तयार करायला एक अस्सल मारला. रविवर्म्याच्या प्रेसच्या चित्रांच्याही नकला निघतात, पण भिंग लावलं तर खऱ्या ओलिओग्राफमध्ये, म्हणजे दगडी ठशावरून छापलेल्या रंगीत चित्रात, रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हाताने टाकल्यासारखे दिसतात आणि आजच्या ऑफसेट प्रिंटमध्ये एका मापाचे, फुलाच्या आकारात ओळीने बसलेले. दहा मिनिटांत शिकवता येईल अशी गोष्ट आहे. कोकणातल्या किती घरांत ती जरी-टिकल्या लावलेली लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर होती आणि फ्रेम कुजली म्हणून टाकून दिली, मोजदादच नाही.

आता नाजूक विषय. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याला आली, तीन वर्षांसाठी उसनी. ती महाराजांनी वापरलेलीच का यावर इथे केवढा वाद झाला, पक्ष काय, टीव्ही काय. त्या म्युझियमचं स्वतःचं म्हणणं असं की ती साताऱ्यातला कंपनी सरकारचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या घराण्यात आली, डबीवर तसा मजकूर आहे, पण अफजलखानाच्या वेळी हीच वापरली का याची खात्री देता येत नाही. मला तर हे उत्तर फार आवडलं. वस्तूबद्दल काय माहीत आहे, कुणाकडून कुणाकडे गेली, साखळी कुठे तुटते, आणि तिथून पुढे फक्त ऐकीव, असं सांगणं म्हणजेच परीक्षण. त्याने भक्ती कमी होत नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या सदबीज लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार ४७.१५ लाखांना आणली, तिच्या पात्यावर देवनागरीत त्यांचं नाव कोरलेलं आहे, पातं युरोपियन बनावटीचं फिरंग. अभिमान वाटला, वाटायलाच पाहिजे. पण ती तलवार इथून कशी गेली, कुठल्या वाड्यातून, कुणाच्या हातून, हे कुणी नोंदवलेलं नव्हतं, आणि आज नागपूर-साताऱ्याच्या जुन्या घरांत ज्या तलवारी आहेत त्यांची तरी नोंद कुठे आहे? आत्ता फुकट नोंदवता येईल ते पन्नास वर्षांनी पुन्हा लिलावात बोली लावून आणायचं, असा हा कारभार.

लोक वस्तू दाखवायला घाबरतात, नोंद न होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आणि त्याला कायद्याची भीती जबाबदार आहे. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना लागू होतो, हस्तलिखितांना पंचाहत्तर. तो नीट वाचला तर घरात जुनी वस्तू असणं हा गुन्हा नाही, ठरावीक प्रकारांची म्हणजे शिल्पं, चित्रं वगैरेची नोंदणी लागते, विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. पण गावात समज काय, तर सरकारला कळलं की घेऊन जातात आणि वर पोलीस चौकशी. म्हणून माणूस गप्प बसतो, आणि एक दिवस अंधारात कुणाला तरी विकून टाकतो.

शेतात सापडलं तर आणखी पंचाईत, तिथे जमिनीतल्या खजिन्याचा १८७८ चा कायदा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, नाही कळवलं तर हिस्सा जप्त आणि वर्षभराची कैद होऊ शकते. कळवलं आणि सरकारने ते स्वतःकडे घ्यायचं ठरवलं तर सापडणाऱ्याला आणि जागेच्या मालकाला मिळून काय मिळणार? कलम १६ सांगतं, धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग. म्हणजे देशाचा कायदाच भंगारवाल्यासारखा काटा घेऊन बसलाय! दोन हजार वर्षांपूर्वीचं तांब्याचं नाणं म्हणजे अमुक ग्रॅम तांबं अधिक वीस टक्के. मग शेतकरी सोनाराकडे जातो यात नवल काय, तो तर कायद्याचंच गणित करतोय, फक्त कागदपत्रांशिवाय.

असा विचार करा की १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला जी चांदीची नाणी सापडली ती तेव्हा वितळली असती तर. तेरा हजारांवर नाणी, क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. एका राजाने दुसऱ्याला हरवून त्याचंच चलन आपल्या नावाने चालवलं याचा हातात धरता येणारा पुरावा. काट्यावर ती फक्त काही किलो चांदी.

इंग्लंडने काय केलं ते बघण्यासारखं आहे (हो, आपल्याच वस्तूंनी ज्यांची म्युझियमं भरलीत तेच, पण चांगलं ते घ्यावं). १९९६ चा त्यांचा नवा कायदा आला, आता खजिन्याची किंमत स्वतंत्र समिती बाजारभावाने ठरवते आणि म्युझियमने वस्तू घेतली तर ते पैसे सापडणाऱ्याला आणि जमीनमालकाला मिळतात. त्याच्या जोडीला १९९७ पासून एक योजना आहे, त्यात जिल्ह्या-जिल्ह्यात अधिकारी बसतात, लोक खजिन्यात न मोडणाऱ्या साध्या वस्तूही आणून दाखवतात, ते फोटो काढतात, मोजतात, नोंदवतात, काय आहे ते सांगतात आणि वस्तू परत देतात. ते विकत घेत नाहीत आणि भावही सांगत नाहीत. आज पंधरा लाखांच्या वर वस्तू त्या नोंदवहीत आहेत. तिथे मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळायला परवानगी आहे, ती मात्र आपल्याकडे अजिबात नको, गुप्तधनाच्या नादात इथे काय काय होतं आपल्याला माहितीये.

आपल्याकडे माणसं कुठून आणणार, हा आक्षेप मी बऱ्याचदा ऐकलाय आणि मला तो पटत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली तेव्हा तहसील कचेऱ्यांत मोडी वाचणारे बसवले की नाही? वर्षानुवर्षं ज्या दप्तरांना वाळवी लागत होती ती काही महिन्यांत उघडली, वाचली, स्कॅन केली. म्हणजे इच्छा असली की माणसं सापडतात. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची कोल्हापूर, सातारा, तेर, पैठण, नागपूर अशी संग्रहालयं आहेत, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, दरवर्षी पुरातत्त्व शिकून बाहेर पडणारी आणि मग स्पर्धा परीक्षेला बसणारी पोरं आहेत. महिन्यातून दोन दिवस संग्रहालयात एक टेबल, एक काटा, एक भिंग, एक कॅमेरा आणि एक जाणकार बसवायचा. माणूस वस्तू आणेल, तिथेच नोंद होईल, ओळख लिहिलेला एक कागद मिळेल आणि वस्तू घरी परत जाईल. कागदावर किंमत लिहायची नाही. किंमत लिहिली की दुसऱ्या दिवशी तो कागद विकायला लागतात, आणि त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला पाकिटं यायला लागतात. किंमत बाजाराने ठरवावी, पण विकणाऱ्याला आपल्या हातात काय आहे ते आधी माहीत असावं, मग तो पाचशेला हो म्हणेल की नाही ते त्याचं तो बघेल. आणि हो, नाणं आणण्याआधी चिंच-मीठ लावून घासू नका एवढा बोर्ड बाहेर मोठ्या अक्षरात लावायचा, अर्धं काम त्यानेच होईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. देवळातून चोरलेली मूर्ती कुणी आणली आणि तिच्या ओळखीचा सरकारी कागद घेऊन गेला तर? चोरीचा माल पांढरा व्हायचा रस्ताच झाला की हा. धोका आहे, खोटं कशाला बोलू. पण चोरीच्या मूर्ती परत कशा आल्या ते बघा. तामिळनाडूतल्या श्रीपुरंतनचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरला घेतला होता, तो २०१४ मध्ये परत द्यावा लागला, कारण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे त्या देवळातल्या मूर्तीचे जुने फोटो होते. फोटो नसता तर नटराज आजही कॅनबेऱ्यात असता. आपल्या खेड्यांतल्या किती देवळांच्या मूर्तींचे तारखेसकट फोटो आहेत? चोराला अंधार लागतो, आणि मूर्ती घेऊन सरकारी टेबलासमोर आधार कार्ड दाखवून बसणारा चोर मला तरी कमी दिसतो. शिवाय मूर्तींसाठी वेगळा नियम करता येईल, मालकी सांगणाऱ्याचा कागद नसेल तर फोटो आणि नोंद घ्यायची, ओळखीचा कागद थांबवायचा.

नोंदवही सगळ्यांना खुली हवी पण घराचा पत्ता त्यात दिसता कामा नये, तालुक्यापर्यंतच, नाहीतर दरोडेखोरांना यादी दिल्यासारखं होईल. बाकी तपशील बसून ठरवता येतील.

१९७२ च्या कायद्याला हात लावायचा तर दिल्लीला जावं लागेल, ते होईल तेव्हा होईल. पण जमिनीत सापडलेल्या खजिन्याचा विषय संविधानाच्या राज्यसूचीत आहे, ४४ वी नोंद, तीत 'ट्रेझर ट्रोव्ह', म्हणजे गुप्तधन, एवढंच लिहिलंय. म्हणजे ते धातूची किंमत अधिक पाचवा भाग हे कलम महाराष्ट्रापुरतं बदलून तिथे बाजारभाव लिहायला मुंबईतलं विधिमंडळ पुरेसं आहे. तलवारीच्या स्वागताला विमानतळावर जे मंत्री-आमदार आनंदाने हजर राहतात, त्यांच्यापैकी एकाने येत्या अधिवेशनात हे दुरुस्ती विधेयक मांडावं.